खारबोरीच्या पाटांची जप्ती

खारबोरी, ता. पेण
१४ एप्रिल १९८८

महिपती,

रामराम. तुझं बरं आहे असं धरून चालतो, कारण तुमच्या निडीला नळाला पाणी येतं, आणि ज्याच्या नळाला पाणी येतं त्याचं बरंच असतं. माझं बरं नाही. डोकं फिरलंय.

काल पाणीपट्टीच्या वसुलीला सगुणाकडे गेलो होतो. सगुणा, माझी धाकटी बहीण, याच गावात दिलेली. तू तिच्या लग्नात जेवलायस. मी ओटीवर टेकतोय तोवर तिनं रिकामा हंडा आणला आणि माझ्या पुढ्यात पालथा घातला. म्हणाली, "दादा, ह्याच्यातून जेवडं पडंल तेवडी पट्टी घे नि जा." मी पावतीबुक मिटलं. तिचा नवरा मिठागरावर. ती रोज खाडीचा बांध तुडवत वरच्या गावाच्या विहिरीवर जाते, आणि जाताना आपल्याच दारातला नळ ओलांडून जाते. त्या नळाच्या तोटीत गांधीलमाशांनी घर केलंय. योजनेचं उद्घाटन झालं त्या दिवशी पाणी आलं होतं. फोटो काढून झाले आणि पाणी गेलं ते गेलंच.

पण पट्टी चालू! कायदा म्हणतो, योजना झाली म्हणजे पट्टी लागू. पाणी येतं का, हे कायदा विचारतच नाही. आणि जी पट्टी जमा होते ती पाण्यावर खर्च होते म्हणशील तर नाव नको. पंचायतीच्या कचेरीला नवा रंग झाला, खुर्च्या आल्या. पंपाला वायर मात्र आली नाही. आता बीडीओसाहेबांनी दम भरलाय की पावसाळ्यात जप्त्या काढा. म्हणजे मी माझ्या बहिणीच्या घरातून सामान उचलायचं, न आलेल्या पाण्यापायी! चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही.

म्हणून लिहितोय. तू आपल्या जिल्ह्याच्या वसुली कारकुनांच्या संघटनेचा चिटणीस आहेस. गावकरी अर्ज करतात तेव्हा साहेब लोक म्हणतात, पट्टी बुडवायचे धंदे. पण वसूल करणारेच जर म्हणाले की हा कायदा चुकीचा आहे, तर विधानसभेत कुणालातरी कान द्यावा लागेल. मागणी एवढीच : नळाला पाणी नाही तिथं पाणीपट्टीसाठी जप्ती नाही, आणि पाणीपट्टीचा पैसा आधी पाण्यावरच. हे कलम कायद्यात घालायला लाव. तुझी ओळख आहे, तुझं अक्षर चांगलं आहे. ऊठ जरा.

काळुराम

निडी, ता. रोहे
२९ एप्रिल १९८८

प्रिय मित्र काळुराम यास महिपतीचा सप्रेम नमस्कार.

पत्र वाचून शांतीला दाखवलं. ती म्हणाली, काळुरामभावजी पत्र लिहीत नाहीत, वरवंटा फेकून मारतात! राग मानू नकोस. तुझं म्हणणं शंभर टक्के रास्त आहे. पण गड्या, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं करून भागत नाही. कायद्याची कामं दमानं होतात.

मी आमदारसाहेबांच्या कानावर घातलं. माणूस वाईट नाही. गणपतीत प्रत्येक घरी पाया पडायला येतो, नावानं हाक मारतो. ते म्हणाले, जुलैच्या अधिवेशनात पंचायतीच्या कायद्याची दुरुस्ती येणारच आहे, त्यात तुमचं घालून बघू. पण त्यासाठी सगळ्या तालुक्यांतल्या कारकुनांच्या सह्या हव्यात. पेणच्या बाजूच्या तू गोळा कर. रोहे, कोलाड, नागोठणे मी बघतो.

एक गोष्ट. सह्या मागायला गेलो की प्रत्येक कारकून विचारतो, आमच्या पगाराचं काय? आपल्याला वेतनश्रेणी नाही, पेन्शन नाही, हे तुलाही माहीत आहे. तेव्हा त्याच अर्जात तीही मागणी घालतो. दोन्ही कामं एका फेरीत होतील. तुझी हरकत नसावी.

सगुणाताईंना सांग, धीर धरा. जप्ती-बिप्ती काही होत नाही.

तुझा
महिपती

खारबोरी
२ जून १९८८

महिपती,

सह्या पाठवतोय. ज्यांच्या गावात पाणी नाही ते ताबडतोब सह्या करतात. ज्यांच्या गावात पाणी आहे ते चहा पाजतात, हवापाण्याच्या गप्पा मारतात आणि मग विचारतात, पगारवाढीचं कलम आहे ना नक्की? एकानं तर माझ्या तोंडावर सांगितलं, "काळ्या, तुझ्या गावाला पाणी आलं तर मला काय मिळणार?" मी त्याच्या दारातून चहा न घेता उठलो.

हरकत नसावी म्हणतोस. आहे, हरकत आहे! पगार मलाही हवाय, मी काय संन्यासी नाही. पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं करू नकोस. तिथं साहेब विचारतील, दोन्हीतलं एक सांगा, तेव्हा तुमचे सगळे हात पगाराकडे वळतील, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. पाण्याचं कलम वर घाल आणि पगाराचं खाली. वेळ आलीच तर खालचं कापू दे.

पेणला आमदारसाहेबांच्या बंगल्यावर मीही जाऊन आलो. सगुणाला बरोबर नेली होती. त्यांनी तिला विचारलं, "काय ताई, तब्येत बरीय ना?" ती म्हणाली, "तब्येत बरी हाय सायेब, पानी नाय." ते हसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, करू आपण. बाहेर आल्यावर सगुणा म्हणाली, "दादा, ह्यो हसला कशाला रं?"

टँकर आला होता गेल्या आठवड्यात. बायकांची झोंबाझोंबी झाली. आमच्या आळीतल्या जनीच्या हाताला हंड्याची कड लागून टाके पडले. शेजारणी शेजारणींनी एकमेकींना काय काय शिव्या दिल्या त्या मी लिहीत नाही, शांतीवहिनी वाचतात. त्या बायका वाईट नाहीत रे. पाण्यानं त्यांना तसं केलंय.

जुलैत मुंबईला जाशील तेव्हा हे तिथं सांग.

काळुराम

मुक्काम मुंबई
१९ जुलै १९८८

प्रिय काळुराम,

हे पत्र आमदार निवासातून लिहितोय! आपलं शिष्टमंडळ मंत्रिमहोदयांना भेटलं. त्यांनी आपला अर्ज हातात घेऊन वाचला, नुसता बाजूला ठेवला नाही. आमदारसाहेब सभागृहात आपल्या बाजूनं बोलले. आम्ही वर गॅलरीत बसून ऐकलं. वसुली कारकून हा ग्रामविकासाचा कणा आहे, असं ते म्हणाले तेव्हा आमच्या कोलाडच्या पुंडलिकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुरुस्ती मंजूर झाली. गड्या, आपण कारकुनांनी कायदा बदलून घेतला! माझा अजून विश्वास बसत नाही.

पाण्याच्या बाबतीतही सरकार सहानुभूतीनं विचार करणार आहे. कायद्याला मागाहून नियम होतील, त्यांत ते घेता येईल असं सचिवसाहेबांचं मत पडलं. तेव्हा निश्चिंत राहा. सविस्तर भेटीअंती.

तुझा
महिपती

खारबोरी
३० जुलै १९८८

महिपती,

तुझ्या सहानुभूतीला आग लागो.

बीडीओसाहेबांकडे दुरुस्तीचा कागद आलाय. त्यांनी मुद्दाम मला वाचायला दिला, पेढा खावा तसा चेहरा करून. वेतनश्रेणी मंजूर. पण ज्याची वसुली चांगली त्यालाच पुरा पगार! जप्तीला पूर्वी पंचायतीचा ठराव लागायचा, आता साहेबाची सही पुरे! पाण्याचा शब्द नाही. एक शब्द नाही! माझ्या बहिणीची जप्ती थांबवायला तुला पाठवला, आणि तू जप्तीची वाट सोपी करून आलास. वर लिहितोस, निश्चिंत राहा!

आता इथं काय झालं ते ऐक. बीडीओसाहेब परवा जीप, शिपाई घेऊन आले. माणूस घाटावरचा, इथं येऊन वर्ष झालं नाही. मी पाया पडायचा बाकी राहिलो. ते म्हणाले, पाण्याची भांडी सोड, बाकी दारात दिसेल ते उचल. आणि नेमका त्याच दिवशी पेणच्या मूर्तिकाराचा टेम्पो यायचा होता. तुला सांगायला नको, आमच्याकडे प्रत्येक घर आषाढात आपला पाट धुऊन मूर्तिकाराकडे देतं. त्याच पाटावर त्या घराचा गणपती घडतो आणि त्याच पाटावरून घरी येतो. आजापणजापासूनचे पाट, मागं गेरूनं घराचं नाव लिहिलेलं. सगळ्या ओट्यांवर पाट उभे करून ठेवलेले. साहेबांनी सगुणाच्या ओटीकडे बोट केलं आणि म्हणाले, "ती फळी घ्या. लिहा, जुनी लाकडी फळी, एक नग."

शिपाई आपल्यातला, त्याचा हात पुढं होईना. बायाबापड्या ओरडायला लागल्या, "गणपतीचा पाट हाय तो, हात लावू नका!" ठमाबाई, सगुणाची सासू, तिनं तर ओटीवरच अंग टाकलं. साहेब म्हणाले, "नाटकं बंद करा." मी म्हणणार होतो की साहेब, ही फळी नव्हे. पण सगुणानं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, नको म्हणून. सासूला उठवून बसवलं, पाट उचलला आणि स्वतः नेऊन जीपमध्ये ठेवला. मग वळून अख्ख्या आळीला म्हणाली, "बगता काय गो? आना सगले. ह्यांना फळ्या पायजेत तर फळ्या द्या!"

आणि बायकांनी आणले रे. एकीच्या मागं एक. कुणी रडत होती, कुणी शिव्या देत होती, पण एकही पाट मागं राहिला नाही. जीप भरली, मग उरलेले डोक्यावर घेऊन त्या पंचायतीच्या कचेरीपर्यंत चालत आल्या. माझी बायको पण आली, आमचा पाट घेऊन. मी पंचनामा लिहिला. साहेबांनी सांगितलं तसंच लिहिलं. जुनी लाकडी फळी, जुनी लाकडी फळी.

आता सगळ्या गावाचे गणपती त्या रंगवलेल्या कचेरीत कुलपात आहेत. साहेब म्हणतात, महिन्यात लिलाव. मला लिलाव पुकारायला सांगितलाय. मी करणार नाही, नोकरी गेली तर गेली.

खरं सांग, पाण्याचं कलम कुणी काढलं?

काळुराम

निडी
११ ऑगस्ट १९८८

काळुराम,

विचारलंस म्हणून सांगतो. आणि तुलाच एकट्याला राग येतो असं समजू नकोस.

सचिवांनी आम्हाला आतल्या खोलीत बोलावलं. म्हणाले, दोन्ही मागण्या घेऊन गेलात तर दुरुस्तीच मागं पडेल, एक धरा. मी बाहेर येऊन सगळ्यांना विचारलं, पाण्यासाठी कोण? तीन हात वर झाले. पगारासाठी कोण? सगळी खोली. मी चिटणीस आहे, राजा नाही. वीस वर्षं शिव्या खाऊन वसुली करणाऱ्या माणसांना मी कुठल्या तोंडानं सांगू की म्हातारपणी उपाशी राहा, खारबोरीला पाणी हवंय? पुंडलिकाची बायको आजारी आहे, त्याला औषधाला मिळत नाही. त्याचं तोंड बघून तू तरी नाही म्हटला असतास का? ते वसुलीवर पगाराचं शेपूट मागाहून जोडलं, आम्हाला न विचारता. त्याची चीड मलाही आहे.

आता ऐक. हट्ट सोड. लिलावाला नाही म्हणशील तर निलंबित होशील. सगुणाताईंची सगळी थकबाकी मी भरतो. पावती त्यांच्या नावावर फाडून घे आणि त्यांचा पाट सोडव. त्यांच्या घरी गणपती येऊ दे. मित्र म्हणून एवढं मला करू दे.

महिपती

खारबोरी
२० ऑगस्ट १९८८

महिपती,

निलंबित झालो. चौकशीला अलिबागला बोलावलंय, लिलावाच्या दिवशीच. म्हणजे मी गावात नको.

तुझा निरोप सगुणाला सांगितला. ती म्हणाली, "तुज्या दोस्ताला इचार, बाकीच्यांचे पाट हितं कुलपात, नि माज्या घरी आरती? कुनाच्या तोंडाकडं बगून म्हनू?" त्यावर तुझं काही म्हणणं असेल तर तिलाच सांग.

पुंडलिकाच्या बायकोचं ऐकून वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण ज्यांनी पुंडलिकाला वीस वर्षं उपाशी ठेवलं तेच आम्हाला तहानलेलं ठेवतात, आणि तुम्ही बाहेर येऊन एकमेकांच्यात हात वर करायला लावलेत! आत जाऊन टेबलावर हात आपटायचा होता. तो कुणी आपटला नाही.

यापुढं मला पत्र लिहू नकोस.

काळुराम

पेण, एस.टी. स्टँड
१ सप्टेंबर १९८८

काळुराम,

लिहू नकोस म्हणालास तरी लिहितो. फाडायचं असेल तर वाचून फाड.

तू निलंबित झाल्यावर लिलाव पुकारायचं काम कुणावर आलं, माहीत आहे? माझ्यावर. बीडीओंनी मागणी केली, रोह्याकडचा चांगल्या वसुलीचा माणूस पाठवा. वरून हुकूम आला. मी आज खारबोरीला जाऊन आलो. तू अलिबागला होतास ते बरं झालं. तुझ्यासमोर मला उभं राहता आलं नसतं.

पंचायतीपुढं सगळं गाव बसलेलं. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर परवडली असती रे. भंगारवाला आणि एक लाकडाच्या वखारीचा माणूस बाहेरून आणले होते. भंगारवाल्यानं पहिला पाट उलटा करून गेरूनं लिहिलेलं नाव वाचलं, कानाला हात लावला आणि सायकल काढून चालता झाला. वखारवाला म्हणाला, "साहेब, मला पण पोरंबाळं आहेत." साहेब माझ्यावर खेकसले, तुम्ही पुकारा! मी पाट हातात घेतला. तो सगुणाताईंचा निघाला. मी म्हटलं, एक वार. म्हटलं, दोन वार. त्या समोरच बसल्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या घरी येतो नं गणपती? त्याचा पाट केवड्याला देशाल?"

तिसरं वार माझ्या तोंडातून निघालं नाही. पाट खाली ठेवला, साहेबांना म्हटलं, "ही फळी नाही. तुम्ही इतके महिने इथं राहून एवढंसुद्धा विचारलं नाहीत? आणि ज्या पाण्यापायी ही जप्ती, ते पाणी आधी दाखवा मला. कुठल्या नळाला येतं, चला, दाखवा!" मी कधी कुठल्या साहेबावर आवाज चढवला नव्हता. ते म्हणाले, तुमचंही नाव वर कळवतो. मी म्हटलं, कळवा, आणि अक्षर नीट काढा.

लिलाव बारगळला. मी पाट सोडतो म्हणून बायकांना सांगितलं, किल्ली माझ्याच हातात होती. तर एकही बाई हलली नाही. ठमाबाई म्हणाल्या, पानी येल तवा नेऊ.

आज संघटनेच्या सगळ्या शाखांना पत्र टाकतोय. नागपूरच्या अधिवेशनाला अर्ज जाईल तो फक्त पाण्याचा. ज्याला सही करायची नाही त्यानं चिटणीस बदलावा.

बस लागली. उभ्यानं लिहितोय, अक्षर वाईट आहे.

महिपती

खारबोरी
१७ सप्टेंबर १९८८

महिपती,

पत्र फाडलं नाही.

आमच्या गावात यंदा गणपती आला नाही. माझ्या आयुष्यात असं झालं नव्हतं. चतुर्थीला सगळ्यांनी मखरं मात्र बांधली, कुणी न सांगता. कागदाची फुलं, समया, सगळं. मधोमध नुसती जागा. ठमाबाईनं मोदक केले नाहीत. दिवसभर गावात झांज वाजली नाही आणि संध्याकाळी शेजारच्या गावाची आरती वाऱ्यावर ऐकू आली तेव्हा माझी बायको आत जाऊन रडली. मला एवढा संताप कधीच आला नव्हता, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आले. आमदारसाहेब, दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे, घरोघर दर्शनाला. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं! मागं चार कार्यकर्ते, हारांची टोपली. पहिलं घर सगुणाचं. चपला काढल्या, आत गेले, डोळे मिटून मखरापुढं हात जोडले. डोळे उघडले तर समोर काही नाही. मी दारात उभा होतो. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण मला हसू आलं नाही.

सगुणा म्हणाली, "सायेब, हात खाली करा. हितं कोन नाय. तुमच्या कायद्यानं नेलाय."

ते बाहेर आले, दुसऱ्या घरात गेले. तिथंही तेच. तिसऱ्या घरात ते आत गेलेच नाहीत. अंगणात उभं राहून त्यांनी मला विचारलं, काय प्रकार आहे? मी म्हटलं, मे महिन्यात बंगल्यावर हिनं सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही हसलात. तेच आहे. कार्यकर्त्यांनी मला धरलं, आमदारसाहेबांनी सोडा म्हणून सांगितलं. म्हणाले, पाट आत्ताच्या आत्ता सोडवतो, मूर्ती मी पाठवतो पेणहून. सगुणा म्हणाली, "मूर्ती नको, पाट पन नको. पट्टी घ्या, पन आधी पानी द्या. नि पानी नाय तर जप्ती नाय, ह्ये कायद्यात लिवा."

तिथं सगळ्यांसमोर त्यांनी शब्द दिला, नागपूरला हे कलम मी स्वतः मांडतो. तुझा अर्ज त्यांच्या हातात पडेल असं बघ. मीही येतो, निलंबित माणसाला रजा मागावी लागत नाही. सगुणा येणार म्हणते. गॅलरीत बसून बघणार, हा हसतो का.

ते जीपमध्ये बसले तेव्हा सगळं गाव रस्त्यावर आलं होतं. घरात विसर्जन करायला काही नव्हतंच. जीप हलली आणि सगुणा ओरडली, आणि तिच्यामागं सगळ्या बायका, पोरं, म्हातारी ठमाबाईसुद्धा, घसा फाटेपर्यंत, जीप बांधाच्या वळणावर दिसेनाशी होईतोवर : "आमदारसायेब, पुढच्या वर्षी लवकर या!"

कुणी हसलं नाही.

काळुराम